डब्यातल्या डीव्हीडी कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या: आधी उचलायच्या, मग सजवायच्या

गणपतीच्या आधी माळा काढला तेव्हा बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ४१ डीव्हीडी आणि ७ व्हीसीडी निघाल्या. लग्न, डोहाळजेवण, बारसं, दोन मुंजी, शाळेची गॅदरिंग, आईबाबांची अष्टविनायकाची ट्रिप, आणि चार डिस्कवर मार्करने नुसतंच "भाग २". भाग १ कुठे गेले देवाला माहीत. आता घरात डीव्हीडी प्लेयर नाही, तो कधीच भंगारात गेला, लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, म्हणजे सगळं शूटिंग घरातच आहे आणि बघता मात्र येत नाही.

मी काही कॉम्प्युटरवाली नाही, पण दोन महिने रात्रीची जेवणं आटपली की हेच करत बसले होते, आणि सुरुवातीला जो काही गोंधळ घातला तो तुम्ही घालू नये म्हणून सगळं एकदा लिहून काढतेय.

गोंधळ काय ते आधीच सांगते. पहिल्या पाच-सहा डिस्क मी उत्साहात थेट एमपीफोर (फोनवर चालणारी साधी व्हिडिओ फाइल) केल्या, फाइल फोनवर चालली म्हटल्यावर त्यातल्या मुंजीच्या दोन डिस्क सरळ कचऱ्यात टाकल्या, जागा झाली म्हणून खूश. महिन्याभराने आईचा सांगलीहून फोन, "अगं त्यात आजी जात्यावर बसून ओवी म्हणते ते कुठंय?" नव्हतंच. जेमतेम दीड मिनिटाचा तो तुकडा सॉफ्टवेअरने "फारच छोटा आहे" म्हणून गाळला होता आणि मला कळलंही नव्हतं. नशीब, शूटिंगवाल्याने तेव्हा दोन सेट दिले होते आणि दुसरा मिरजेला मावशीकडे होता.

तेव्हापासून माझा एकच नियम. डिस्कवर जे आहे ते आधी जसंच्या तसं, एकही बाइट न बदलता हार्डडिस्कवर उचलायचं. एमपीफोर करणं, कापणं, नाव देणं, व्हॉट्सॅपवर टाकणं हे सगळं नंतर, पाहिजे तर दिवाळीनंतर. हार्डडिस्कवर आलेली कॉपी थांबते हो, डिस्क थांबत नाही.

आणखी एक, हे सगळं आपल्या घरच्या शूटिंगपुरतं आहे. बाजारातल्या सिनेमाच्या डीव्हीडीवर सीएसएस नावाचं कुलूप असतं, आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीत अशी कुलुपं तोडण्याबद्दल ६५ए हे कलम आलेलं आहे, त्यामुळे तो विषय इथे नको. घरच्या डिस्कला कुलूप नसतं.

डिस्कवर नेमकं असतं काय

एवढं समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जातं. डिस्क कॉम्प्युटरमध्ये उघडली की व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर दिसतं, बहुतेक वेळा शेजारी एक रिकामं ऑडिओ टीएसही असतं, त्याच्याकडे बघायचंच नाही. आत तीन प्रकारच्या फाइली असतात. व्हीओबी म्हणजे खरं चित्र आणि आवाज, आयएफओ म्हणजे कुठलं चॅप्टर कुठे सुरू होतं त्याची यादी, आणि बीयूपी म्हणजे त्या यादीची जादा प्रत. एकेक व्हीओबी जास्तीत जास्त १ जीबीची असते, म्हणून दीड तासाचं लग्न चार-पाच तुकड्यांत दिसतं. हे तुकडे नुसते साइज बघून पाडलेले असतात, मंगलाष्टकाच्या मधोमध सुद्धा फाइल तुटलेली असू शकते. त्यामुळे एकेक व्हीओबी सुटी-सुटी कन्व्हर्ट करू नका, जोडाच्या जागी आवाज अडखळतो. मी केलंय ते, "शुभमंग" आणि मग "ल सावधान".

साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतं, विंडोज ते ४.३७ दाखवतं, घाबरू नका, तो नुसता मोजण्याचा फरक आहे. दोन थरांची असेल तर ८.५ जीबी. चित्र आपल्याकडे पाल पद्धतीचं, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेली डिस्क असेल तर ती बहुधा एनटीएससी, म्हणजे ७२० बाय ४८० आणि सेकंदाला ३० ला किंचित कमी. आणि जे ७२० बाय ५७६ आहे ते तेवढंच आहे बरं का, त्याचं फोरके करून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका.

सामान

बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी रायटर लागतो, साधारण दीड ते अडीच हजारांत मिळतो, कुठल्याही कंपनीचा चालेल. लावल्यावर नुसता टक-टक करून बंद पडत असेल तर बहुतेक वेळा पोर्टमधून करंट पुरत नाही, अशा वेळी लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावा, आणि हबला तर लावूच नका. माझ्या ड्राइव्हच्या वायरला दोन यूएसबी पिना होत्या, मी आठवडाभर एकच लावत होते.

एक बाहेरची हार्डडिस्क, १ टीबीची. माझ्या ४१ डिस्कना साधारण दीडशे जीबी लागले, म्हणजे जागा पुष्कळ राहते. सॉफ्टवेअर चार, सगळी फुकट: डिस्क जशीच्या तशी उचलायला इमेजबर्न, त्यातून व्हिडिओ काढायला मेकएमकेव्ही, एमपीफोर करायला हँडब्रेक आणि बघायला व्हीएलसी. मेकएमकेव्हीला ब्लू-रे डिस्कसाठी "की", म्हणजे नोंदणीचा कोड, लागते, डीव्हीडीला काही लागत नाही. इमेजबर्न इन्स्टॉल करताना प्रत्येक पानावर नीट वाचा आणि नको ते टिक काढा, नाहीतर सोबत भलतंच काहीतरी येतं. ते २०१३ पासून अपडेट झालेलं नाही पण काम चोख करतं.

आधी डिस्क धुवा

हसू नका. डोंबिवलीत आमच्याकडे पावसाळ्यात लोणच्यालाही बुरशी येते तर डिस्कला का नाही येणार. प्लास्टिकच्या पाकिटात घट्ट ठेवलेल्या डिस्क पाकिटाला चिकटलेल्या असतात, त्या खस्सकन ओढायच्या नाहीत, पाकीट कात्रीने कडेनं कापून हळूच वेगळं करायचं. मग नळाखाली कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, बोटाच्या टोकाने हलकेच, पुन्हा पाणी, आणि चष्म्याच्या मऊ कापडाने पुसायचं. पुसताना मधल्या भोकाकडून सरळ कडेकडे. गोल-गोल फिरवून पुसलं आणि चरा पडला तर तो डेटाच्याच दिशेने पडतो, आणि तो ड्राइव्हला भरून काढता येत नाही, आडवा चरा मात्र पुष्कळदा भरून काढता येतो. टूथपेस्ट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नाही.

डीव्हीडीत डेटाचा थर दोन प्लास्टिकच्या चकत्यांच्या मध्ये असतो, ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या, सँडविचसारख्या. म्हणून वरच्या बाजूला थोडं खरवडलं तर डीव्हीडी टिकते. सीडी आणि व्हीसीडीचं उलटं आहे, त्यात डेटा लेबलच्या लगेच खाली असतो, तिथे वरून चरा पडला की गेलंच. त्यामुळे व्हीसीडीची चित्राची बाजूही जपा. आणि ज्यांच्यावर वधूवरांचा फोटो असलेलं कागदी स्टिकर चिकटवलंय ते काढायला जाऊ नका, व्हीसीडीचा तर थरच निघून येईल. स्टिकर उचकटलेलं असेल तर ड्राइव्हमध्ये फिरताना डिस्क थरथरते, अशा वेळी वाचण्याचा स्पीड कमी ठेवायचा, इमेजबर्नमध्ये ती सोय आहे.

पायरी एक: जशीच्या तशी उचला

इमेजबर्न उघडा, डिस्कवरून इमेज फाइल बनवायचा पर्याय असतो तो घ्या, कुठे सेव्ह करायची ते सांगा आणि सुरू करा. शेवटी एकच मोठी आयएसओ फाइल मिळते, तिच्यात मेनू, चॅप्टर, शूटिंगवाल्याचं नाव-पत्ता-घरंगळत येणारे गुलाब, सगळं जसंच्या तसं. चांगल्या डिस्कला माझ्याकडे १२ ते १५ मिनिटं लागायची, तेवढ्यात भांडी होतात. मॅकवर डिस्क युटिलिटीमधून मास्टर इमेज करा, तेच काम.

फाइलचं नाव तिथल्या तिथे द्या, "उद्या देऊ" म्हणालात की पंधरा फाइली एकाच नावाच्या होतात, कारण निम्म्या शूटिंगवाल्यांनी प्रत्येक डिस्कला तेच नाव दिलेलं असतं. मी आधी साल, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग, मग भाग असं लिहिते, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप तारखेने लागतं. तारीख माहीत नसेल तर घरातली लग्नपत्रिका किंवा आई, दोन्हीपैकी आईची आठवण पक्की असते. नाव इंग्रजी अक्षरात दिलेलं बरं, जुन्या टीव्हीवर देवनागरी नावाच्या जागी चौकोन-चौकोन दिसतात. आणि त्याच नंबरचा छोटा आकडा डिस्कच्या मधल्या पारदर्शक गोलावर मार्करने टाका, म्हणजे कुठली झाली कुठली राहिली ते कळतं.

फाइल झाली की लगेच तपासा. विंडोज १० आणि ११ मध्ये आयएसओवर डबल क्लिक केलं की ती डिस्क घातल्यासारखी दिसते, व्हीएलसीमध्ये लावा आणि शेवटची दहा मिनिटं बघा. सुरुवात नाही, शेवट. कारण डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, पहिलं ते भोकाजवळ आणि शेवटचं ते कडेला, आणि आपण सगळे धरतो कडेला, बोटं लागतात कडेला, ओल शिरते कडेने. आता लग्नाच्या डिस्कवर शेवटी काय असतं? पाठवणी. माझ्या स्वतःच्या लग्नात गणेशपूजन अगदी झकास आहे, जेवणाच्या पंगतीत आग्रह करणारे काका नीट दिसतात, आणि मी बाबांच्या गळ्यात पडते तिथे चित्राचे चौकोन-चौकोन होऊन सगळं गोठतं. ती डिस्क आम्ही प्रत्येक वाढदिवसाला काढून लावायचो ना, बोटांनी पाठवणी पुसली गेली.

डिस्क वाचतच नसेल तर

हे सगळ्यात वेळखाऊ, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं म्हणजे चिडून पुन्हापुन्हा तेच बटण दाबू नका. पुन्हा धुवा, स्पीड कमी करा, मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. प्रत्येक ड्राइव्हची लेन्स वेगळी, माझ्या नव्या ड्राइव्हने नाकारलेल्या ६ डिस्कपैकी ४ ऑफिसातल्या एकाच्या पुराण्या डेस्कटॉपने मुकाट वाचल्या. जुने डेस्कटॉप कोणी फेकत असेल तर आधी ड्राइव्ह मागून घ्या.

इमेजबर्न अडलं की विचारतं, पुन्हा प्रयत्न करू की पुढे जाऊ. पुढे जा म्हटलं की न वाचलेल्या जागी शून्य भरतं आणि उरलेलं उचलतं. एक-दोन सेकंद चित्र फाटेल पण बाकीचं हाताला लागेल. लिनक्स येत असेल किंवा घरात कोणी जाणकार असेल तर डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर जास्त चांगलं. ते आधी सोपं-सोपं उचलतं, अवघड जागा एका नकाशा-फाइलमध्ये टिपून ठेवतं आणि मग फक्त त्याच जागांवर परत-परत जातं. त्या नकाशाचा खरा फायदा असा की अर्धं काम एका ड्राइव्हवर आणि उरलेलं दुसऱ्या ड्राइव्हवर करता येतं, आधी वाचलेलं वाया जात नाही.

तिसरं, नातेवाइकांना फोन करा. लग्नाचे सेट दोन्हीकडच्यांना दिलेले असतात. माझी पाठवणी शेवटी माहेरच्या सेटमधून निघाली, आईने तो कपाटात साड्यांखाली ठेवला होता आणि कधी लावलाच नव्हता. दोन्ही सेट खराब असले तरी दोन्हीकडे तीच जागा खराब असेल असं थोडीच आहे.

चौथं, कॅमेऱ्यात थेट लिहिलेल्या डिस्क. काही वर्षं ८ सेंटीमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर शूट करणारे हँडीकॅम होते, १.४ जीबी, जेमतेम अर्धा तास. शूटिंग झाल्यावर ती डिस्क फायनलाइज, म्हणजे लिहिणं संपवून बंद, करावी लागायची, आणि निम्म्या लोकांनी ते कधी केलंच नाही. अशी डिस्क कॉम्प्युटरला कोरी दिसते. कोरी नसते ती. उलट्या बाजूने उजेडात धरा, लिहिलेला भाग आणि न लिहिलेला भाग यांच्यात रंगाचा फरक दिसतो. तो कॅमेरा अजून चालू असेल तर त्यातच फायनलाइज करा, नसेल तर आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर अशा डिस्क वाचतं. आणि या छोट्या डिस्क कारमधल्या प्लेयरसारख्या नुसत्या फटीत सरकवायच्या ड्राइव्हमध्ये कधीही घालू नका, अडकतात. ट्रेवाला ड्राइव्ह, मधल्या खाचेत बसवायचं.

शेवटचा उपाय थोडा गावठी आहे पण चालतो. घरगुती डीव्हीडी प्लेयर कॉम्प्युटरच्या ड्राइव्हपेक्षा खूप सोशीक असतो, खराब जागा आली की उडी मारून पुढे जातो. कोणाकडे प्लेयर असेल तर त्याच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना यूएसबी कॅप्चर कार्डात घाला आणि ओबीएस नावाच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करा. क्वालिटी उतरते, दीड तासाच्या डिस्कला दीड तासच लागतो, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

व्हीसीडी

पटकन सांगते. व्हीसीडीवर एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं आणि आत डॅट फाइली. चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे डीव्हीडीच्या पाव. यांची साधी आयएसओ करायला जाऊ नका, व्हीसीडीवर डेटा वेगळ्या पद्धतीने लिहिलेला असतो, इमेजबर्न स्वतःच बिन आणि क्यू अशी दोन फाइलींची जोडी बनवतं, ती तशीच ठेवा. शिवाय डॅट फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून व्हीएलसीत चालते का बघा, चालली तर ती पण ठेवा. मध्येच एरर येऊन कॉपी थांबली तर आयसोबस्टर.

पायरी दोन: आयएसओमधून व्हिडिओ काढा

आता मेकएमकेव्ही. पण सुरू करायच्या आधी, आजीच्या ओवीची शपथ, सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओच्या पानावर टायटलची, म्हणजे डिस्कवरच्या एकेका सुट्या व्हिडिओची, कमीत कमी लांबी बघा. तिथे १२० सेकंद असतं. म्हणजे दोन मिनिटांपेक्षा लहान काहीही तो यादीत दाखवतच नाही. सिनेमासाठी ठीक आहे, जाहिराती-बिहिराती गाळायला, पण घरच्या डिस्कवर कॅमेरा दहा वेळा बंद-चालू केलेला असतो आणि प्रत्येक वेळचं वेगळं टायटल असू शकतं. तिथे शून्य करा. हँडब्रेकमध्ये पण असंच एक सेटिंग आहे, ते १० सेकंदांवर असतं, ते पण कमी करा.

मग आयएसओ फाइल उघडा, टायटलची यादी येते, सगळ्यांना टिक, एमकेव्ही बनवा. इथे चित्राला हात लागत नाही, व्हीओबीचे तुकडे फक्त नीट ओळीने जोडून एका डब्यात भरले जातात, म्हणून चार-पाच मिनिटांत होतं. कधीकधी एकच भाग दोनदा दिसतो, एकदा पूर्ण आणि एकदा सुटा-सुटा, शूटिंगवाल्याने मेनू तसा केलेला असतो. दोन्ही काढा, बघा, एक पुसा.

ज्यांना फक्त लॅपटॉपवर बघायचंय त्यांचं काम इथे संपलं. व्हीएलसीत एमकेव्ही लावा आणि बघा.

पायरी तीन: फोन आणि टीव्हीसाठी एमपीफोर

हँडब्रेक. उघडल्यावर तो १०८०पी आणि ३० फ्रेमचं काहीतरी प्रीसेट (तयार सेटिंग) धरून बसलेला असतो, ते बदलून ५७६पी २५ असं लिहिलेलं घ्या. अमेरिकेतली डिस्क असेल तर ४८०पी ३०. कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत, एच २६४ ठेवा. एच २६५ मध्ये फाइल लहान होते खरी पण मावशीच्या टीव्हीसारखे जुने टीव्ही ती उघडत नाहीत. क्वालिटीची जी पट्टी असते तिच्यावर आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं, हे उलटं आहे लक्षात ठेवा, घरच्या शूटिंगला मी १८ ते २० ठेवते. आवाज एएसी करा. डिस्कवरचा डॉल्बी आवाज जसाच्या तसा ठेवला तर काही फोनवर चित्र दिसतं आणि आवाज येत नाही, मग सगळे तुम्हालाच फोन करतात.

आता खरी गोम. पालचा जुना कॅमेरा सेकंदाला २५ पूर्ण चित्रं घेत नाही, ५० अर्धी चित्रं घेतो, एकदा एक-तीन-पाच अशा विषम ओळी आणि लगेच एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम ओळी. जुन्या डब्बा टीव्हीवर हे सुंदर दिसायचं. आजच्या स्क्रीनवर दोन्ही अर्धी एकदम दाखवली की जे हलतं त्याच्या कडेला कंगव्याचे दात येतात. माझ्या पहिल्या फाइलीत वरमाला घालताना नवऱ्याचे हात अक्षरशः फणीसारखे होते, नवरा म्हणाला शूटिंगवाल्याने मिक्सिंग केलंय. मिक्सिंग नव्हतं ते.

फिल्टरच्या पानावर जा. डीटेलिसिन बंद, इंटरलेस डिटेक्शन बंद, आणि डीइंटरलेसमध्ये याडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ निवडून त्याचं प्रीसेट "बॉब" घ्या. बॉब म्हणजे प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र, म्हणजे सेकंदाला ५०. हे केलंत की व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट ५० आणि कॉन्स्टंट करायला विसरू नका, कारण प्रीसेट २५ वर अडवून ठेवतं आणि मग बॉब करून काहीच उपयोग होत नाही, हे कळायला मला दोन आठवडे लागले. फरक बघायचा तर गॅदरिंगमधली लेझीम घ्या. २५ वर पोरं झटक्या-झटक्याने हलतात, ५० वर लेझमीचा प्रत्येक ठेका सलग दिसतो, अगदी तेव्हा टीव्हीवर दिसायचा तसा.

साइजच्या पानावर अॅनामॉर्फिक ऑटोमॅटिक असतं, तसंच राहू द्या. डिस्कवरचे ठिपके चौकोनी नसतात, त्यामुळे तिथे ढवळाढवळ केली की सगळे नातेवाईक एकतर लांबट नाहीतर जाडे होतात. जाडे झाले तर कोणी माफ करत नाही. कॅसेटवरून डीव्हीडी केलेली असेल तर चित्राच्या अगदी तळाला एक थरथरणारी पट्टी दिसते, ती तेवढी खालून ८-१० ओळी क्रॉप करून काढा.

सगळ्या डिस्क लावायच्या आधी हलणारी कुठलीतरी दोन मिनिटं निवडून तेवढीच करून बघा. हँडब्रेकमध्ये अमुक सेकंदापासून तमुक सेकंदापर्यंत असं सांगता येतं. पटलं की सेटिंग स्वतःच्या नावाने प्रीसेट म्हणून सेव्ह करा, सगळ्या एमकेव्ही रांगेत टाका आणि झोपा. लॅपटॉप गादीवर ठेवून झोपू नका फक्त, रात्रभर तापतो.

ठेवायचं कसं

आयएसओ हे मूळ, ते पुसायचं नाही. दोन हार्डडिस्कवर दोन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात. माझी दुसरी सांगलीला आईकडे आहे, तिथे जाते तेव्हा बदलून आणते. क्लाउडवर एमपीफोर टाका, आयएसओ टाकायला आमच्या नेटला जन्म जाईल. नुसत्या पेनड्राइव्हवर भरवसा नको.

डिस्क टाकू नका एवढंच म्हणेन, निदान वर्षभर तरी. पुस्तकासारख्या उभ्या, उन्हापासून लांब. लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो आणि तो उजेडाने विटतो, म्हणून खिडकीतल्या शोकेसमध्ये तर नकोच.

नातेवाइकांना वाटताना

व्हॉट्सॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून-दाबून पार चोथा होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जाते. यूट्यूबवर अनलिस्टेड टाकायचा विचार असेल तर लक्षात घ्या, शूटिंगवाल्याने प्रत्येक प्रसंगाला सिनेमाचं गाणं लावलेलं असतं, कॉपीराइटचा क्लेम आलाच म्हणून समजा, आमच्या हळदीचा आवाज असाच बंद झाला.

मावशीसाठी मी पेनड्राइव्ह केला. पहिल्यांदा एमकेव्ही कॉपीच होईना, जागा ३२ जीबी आणि तरी "फाइल खूप मोठी आहे". पेनड्राइव्ह फॅट ३२ नावाच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला तर तिच्या टीव्हीने ओळखला नाही. शेवटी परत फॅट ३२ करून एमपीफोर टाकल्या, त्या दीड-दोन जीबीच्या आतच होत्या. आजीची ओवी वेगळी फाइल करून सगळ्यात वर ठेवली, नावाआधी शून्य-शून्य लावून, म्हणजे रिमोटने शोधावी लागणार नाही. रविवारी मावशीचा फोन आला, चालतंय म्हणाली, आणि मग म्हणाली, "जात्यापाशी मागे परकर-पोलक्यातली कोण गं ती, तू की तुझी ताई?" मी होते.